बोटभर पाणी

१

लग्नानंतरच्या पहिल्या आठवड्यात सासूबाईंनी मला घराची रीत सांगितली. त्यांचं नाव सत्यभामाबाई. मी त्यांना आत्या म्हणते. मेथी निवडता निवडता, माझ्याकडे न बघता, त्या एकेक सांगत गेल्या. नळ एक दिवसाआड येतो, सकाळी सहाला, अर्धा तास. गिरणी गुरुवारी बंद. मामांच्या, म्हणजे सासऱ्यांच्या, ताटात ठेचा वाढायचा नाही, मागितला तरी. रविवारी चर्चला जाताना साडी फिकट रंगाची. संध्याकाळच्या प्रार्थनेला मोबाईल दुसऱ्या खोलीत.

"आन दुपारची जेवणं झाली की कोठीच्या खोलीत एक पेला पाणी ठिवायचं. भरून, फरशीवर. तेवढं इसरू नगंस."

गिरणीचा वार ज्या आवाजात सांगितला होता, त्याच आवाजात. मी "बरं" म्हटलं. पहिल्या आठवड्यात नव्या नवरीला एकच प्रश्न विचारता येतो, मीठ कुठाय. माझ्या माहेरी, कमठाण्याला, उन्हाळ्यात चिमण्यांसाठी वाडग्यात पाणी ठेवतात. तसलंच काही असेल, अशी मी समजूत घातली. कोठीच्या खोलीला चिमणी शिरेल एवढीसुद्धा खिडकी नाही, हे दोन दिवसांनी ध्यानात आलं.

आमचं घर बिदरमधून कोळारच्या कारखान्यांकडे जाणाऱ्या रस्त्याला आहे. एकामागे एक चार खोल्या: बैठक, आमची खोली, स्वयंपाकघर आणि सगळ्यात मागे कोठी. कोठीत तुरीची, जोंधळ्याची पोती, एक लोखंडी खाट, तिच्यावर गुंडाळलेली गादी. खाली शहाबादी फरशी. मे महिन्यात बाकीचं घर भट्टीसारखं होतं, पण ती खोली गार राहते. मी म्हटलं, बरंय, दुपारी इथंच पडत जाऊ. आत्या म्हणाल्या, "तितं कुणी पडत न्हाई."

पेला स्टीलचा होता. आमच्याकडे भांड्यांवर नावं घालून घेतात, तसं त्याच्यावर ठिपक्या-ठिपक्यांनी नाव घातलेलं होतं. नागरत्ना.

२

"अक्काचा आहे," किरणकुमार म्हणाला. हा माझा नवरा. कोळारमधल्या एका गोदामात आम्ही दोघं कामाला होतो, तिथंच जमलं. लग्नासाठी मी बाप्तिस्मा घेतला, आणि लग्नानंतर काम सोडलं. दोन्ही गोष्टी मला विचारूनच झाल्या होत्या, फक्त उत्तर आधी ठरलेलं होतं.

त्याची थोरली बहीण नागरत्ना चार वर्षांपूर्वी त्या कोठीच्या खोलीत गेली. आपल्या हातानं. तिचं करजगीच्या एका मास्तराशी जमलं होतं, तो मंडळीबाहेरचा, म्हणजे ख्रिस्ती नसलेला होता. आमचं जमलं तेव्हा बाहेरची मी होते, पण मी बाप्तिस्म्याला तयार झाले; तो झाला नाही. मामा तेव्हा चर्चमध्ये उपदेश करायचे. बाबूलाल मास्तर त्यांचं नाव. पस्तीस वर्षं शाळेत पाचवीला विज्ञान शिकवलं आणि तीस वर्षं चर्चमध्ये नरक. त्या रविवारी त्यांनी न विझणाऱ्या अग्नीवर पाऊण तास उपदेश केला. नाव कुणाचंच घेतलं नाही. बायकांच्या बाजूला बसलेल्या सगळ्याजणी मात्र वळून एकाच दिशेला बघत होत्या. गुरुवारी दुपारी अक्का कोठीत गेली आणि आतून कडी लावली.

"पुरायला पास्टर आले नाहीत," किरणकुमार म्हणाला. "स्वतःचा जीव घेणाऱ्यांसाठी प्रार्थना नसते म्हणाले. अप्पांनीच केली. करताना मधेच थांबले, आणि नंतर वर्षभर घरात बोललेच नाहीत."

वर्षानं मामांनी तोंड उघडलं, तेव्हा नरक बदललेला होता.

३

माझ्या माहेरी रविवारी बुद्धवंदना व्हायची. नरक नावाची जागा मला तिथं कुणी दाखवली नव्हती. बाप्तिस्म्याच्या आधी तीन महिने शिकवणी झाली, तेव्हा दाखवली. आणि सासरी आल्यावर कळलं की तिच्या मुदतीवरून घरातच वाद आहे.

मामांचं म्हणणं असं, की देव दुष्टाला शिक्षा करतो ती संपवून टाकण्याची. आग विझत नाही म्हणजे ती कुणाला विझवता येत नाही. जळायचं ते जळून गेलं की ती थांबते.

प्रार्थनेनंतर ते मला पाचवीतल्या मुलीसारखं विचारत. "संध्या, तुराट्या पेटवल्या. मागं काय उरतं?"

"राख, मामा."

"राखेला दुखतं का?"

"न्हाई."

"झालं तर."

आतून आत्यांचा आवाज यायचा. "संध्या, त्यांना म्हण, वचनात सार्वकालिक शिक्षा लिवलंय. तुराट्या लिवलं न्हाई."

"तिला म्हण, सार्वकालिक म्हणजे निकाल कायमचा. मारणं कायमचं नव्हे."

मी कुणालाच काही म्हणत नसे. दोघांना एकमेकांचं ऐकू येत होतं. पण चार वर्षांत ते थेट बोलले नव्हते, आणि मी यायच्या आधी हे निरोप बहुतेक भिंतीला सांगितले जात असावेत.

मला पहिल्यांदा वाटलं, आत्यांचं मन दगडाचं आहे. पोटची पोर कायमची जळतेय असा हट्ट कोणती आई धरेल? एकदा भाकरी थापताना त्याच म्हणाल्या, मी विचारलं नसताना.

"तुला वाटत असंल, ही कसली माय. पर इचार कर की. संपली म्हणत्यात ते. संपली म्हंजे कुठंच न्हाई. वर न्हाई, खाली न्हाई. मी नाव घेतलं तर ऐकायला कुणी न्हाई." त्यांनी भाकरी तव्यावर टाकली, वरून पाणी फिरवलं. "जळत असंल माझी लेक. पर हाय तर."

मग पाण्याचं सांगितलं. शुभवर्तमानात एक गोष्ट आहे. श्रीमंत माणूस मेल्यावर ज्वाळांत पडतो, वर बघतो, तर त्याच्या दाराशी बसणारा भिकारी सुखात. तो विनवतो, त्याला पाण्यात बोटाचं टोक बुडवून पाठवा, माझी जीभ तेवढी गार करू द्या. गोष्टीत त्याला नाही म्हणतात.

"न्हाई म्हणायचं ते म्हणू दे," आत्या म्हणाल्या. "म्या पेलाभर ठिवते."

४

पाणी कमी व्हायचं.

यात घाबरण्यासारखं काही नाही, हे मी लगेच ठरवलं. मे महिन्यात पाणी कमी होतंच. उंदीर असतील. पोती ओल धरत असतील. आत्या स्वतःच येऊन घोटभर पीत असतील, हा विचार मला सगळ्यात पटला आणि सगळ्यात वाईटही वाटला.

मामांनी मात्र प्रयोग मांडला. मास्तरच ते. एक पेला कोठीत, तसाच दुसरा बैठकीत, दोन्ही काठोकाठ. बरोबर चारला शाळेतली लाकडी पट्टी दोन्हींत उभी बुडवून बघायची. बैठकीतला पेला पंख्याखाली, उन्हाच्या झळेत. तिथलं पाणी दोऱ्याएवढं खाली जाई. कोठीतलं, त्या गार खोलीतलं, दोन बोटं.

पहिल्या दिवशी त्यांनी पट्टी दोनदा पुसून तीनदा बुडवली. दुसऱ्या दिवशी कोठीचं दार बंद करून स्वतः बाहेर खुर्ची टाकून बसले. कुणी आत गेलं नाही, आत्याही नाही. दोन बोटं.

तिसऱ्या दिवशी ते स्वयंपाकघरात आले. सासरा स्वयंपाकघरात येतो तेव्हा काहीतरी सांडलेलं तरी असतं किंवा सांडणार तरी असतं. पट्टी हातात होती, तिच्यावरचे आकडे अंगठ्यानं चोळत होते.

"संध्या, चारच्या आधी एकदा बघून घेत जा."

"काय मामा?"

"पाणी. कमी वाटलं तर..." त्यांनी पट्टी उलटी केली, पलीकडचे आकडे चोळायला लागले. "बाष्पीभवन. थोडं भरून ठेवलं तर बिघडत नाही."

मी भरून ठेवू लागले. साडेतीनला तांब्या घेऊन जायचं, दोन बोटं पाणी ओतायचं. चारला मामा यायचे, पट्टी बुडवायचे आणि म्हणायचे, "बघ. होतं तेवढंच." मी भरते हे त्यांना माहीत होतं. त्यांना माहीत आहे हे मला माहीत होतं. तरी त्यांच्या खांद्यांवरून काहीतरी उतरताना मला रोज दिसायचं, आणि तेवढ्यासाठी दोन बोटं पाणी महाग नव्हतं.

संध्याकाळी आत्या तोच पेला नेऊन कढीपत्त्याला ओतायच्या. आठवड्यानं त्यांनी पेला हातात धरून मला विचारलं, "तू मधी भरत न्हाईस न्हवं?"

"न्हाई आत्या."

"आदी कमी व्हायचं." त्या पेल्यात बघत राहिल्या. "आता कामून व्हईना कुणास ठाव."

५

एका दुपारी लाईट गेली होती. मामा बैठकीत आडवे, आत्या अंगणातल्या सावलीत. मी तांब्या घेऊन कोठीत गेले.

पेला मी नेहमी उंबऱ्यापासून तिसऱ्या फरशीवर ठेवते. तो चौथीवर होता. सरकवताना ठेवणाऱ्याचं ध्यान नसेल; आणि ठेवणारी मीच. मी वाकून पेला उचलला आणि परत ठेवला, घाईनं, कारण तो गरम होता. नुकताच चहा ओतलाय असा. उन्हात राहिलेलं भांडं तापतं, पण त्या खोलीत ऊन येत नाही.

मी पदरानं धरून पाणी ओतलं. पाणी पडताना बारीकसा आवाज आला, तापल्या तव्यावर शिंतोडा मारल्यावर येतो तसा. मग शांत.

खाट आणि भिंत यांच्यामध्ये वीतभर फट आहे. तिथं अंधार होता, म्हणजे असायचा तेवढाच होता. मी त्या अंधाराकडे पाठ न करता उंबऱ्यापर्यंत मागे चालत आले. नंतर स्वयंपाकघरात उभी राहून स्वतःला बरंच हसले. गोदामात असताना उंदीर शेपटीला धरून बाहेर टाकणारी मी.

तेवढ्यात मागच्या कोठीतून, त्या फटीच्या बाजूनं, पोत्यावर पोतं घासल्यासारखा आवाज आला. एकदा, सावकाश. कोरडा.

६

मी पुन्हा गेले ते धीट होते म्हणून नाही. मला ते सगळं खोटं पाडायचं होतं. रोज पाणी भरायचं, रोज नाही म्हणायचं, आणि दोन म्हाताऱ्या माणसांना हे असं तोलत धरायचं. त्यापेक्षा उंदराचं बीळ सापडलं असतं तर सगळेच सुटलो असतो.

तीन वाजले होते. बाहेर रस्त्यावर टमटमचा आवाज, शेजारच्या घरात कुकरची शिट्टी. मी खाटेजवळ गुडघ्यांवर बसले आणि फटीत बघितलं. बीळ नव्हतं. भिंत होती, आणि भिंतीच्या अलीकडे अंधार जरा जास्त जवळ होता.

मग मी ते का केलं, ते मला अजून सांगता येत नाही. पेल्यात उजव्या हाताचं पहिलं बोट बुडवलं आणि ते ओलं बोट फटीत धरलं. मनात म्हटलं, एकदा करून बघू, म्हणजे गोष्ट संपेल.

आधी काहीच नाही. मग बोटाच्या टोकाला वाफ लागली, उकळत्या भाताच्या झाकणाजवळ हात गेल्यावर लागते तशी. आणि मग जीभ लागली.

वासराला घास भरवला की त्याची जीभ हाताला लागते, ती खरखरीत असली तरी ओली असते. ही खरखरीत आणि कोरडी होती, आणि इतकी गरम की आधी गारच वाटली. थेंब जिथं टेकला तिथं काहीतरी चकाकलं. ओठ असावेत, भेगा पडलेले. "चुर्र" असा आवाज झाला आणि चकाकी गेली.

मी हात ओढला नाही. ओढायला पाहिजे होता. पण ते बोट इतक्या हलक्यानं, इतक्या अदबीनं धरलेलं होतं, दुसऱ्याच्या घरी पाणी मागणारं माणूस भांडं जसं धरतं तसं.

संध्याकाळपर्यंत बोटाला वाटाण्याएवढा फोड आला. "तवा लागला," मी सांगितलं. मामा म्हणाले, "मलम लाव." आत्यांनी कोरफड कापून दिली.

७

त्या रविवारी चर्चनंतर पास्टर नरसिंग आणि मंडळीतल्या शोभाबाई घरी आल्या. पास्टर तरुण, नवे, हळू बोलणारे. शोभाबाईंना हळू बोलायची सवय नव्हती.

मामांनी गेल्या महिन्यात बायबलवाचनाच्या वेळी आपलं मत चर्चमध्ये सांगून टाकलं होतं. दुष्ट संपतात, कायमचे जळत नाहीत. लोकांनी तक्रार केली होती.

"मास्तर, तुमचं दुःख आम्हाला कळतंय," पास्टर म्हणाले. "पर दुःखानं वचन बदलता येत न्हाई."

"मी बदललं नाही. आधी चुकीचं वाचत होतो. देव शरीर आणि जीव दोन्हींचा नाश करू शकतो असं लिहिलंय. नाश म्हणजे काय? तुम्हीच सांगा."

"आन तीस वरसं आमाला भ्या दाखवलं ते?" शोभाबाई म्हणाल्या. "माझा नवरा दारू पिऊन मेला. म्या रोज रात्री त्याला आगीत बगितला, तुमच्या बोलण्यावर. तवा कुटं गेला हुता तुमचा नाश? सोताची पोर गेली तवा आटवला व्हय?"

मामांनी मान खाली घातली. शोभाबाईंचे डोळे भरले होते. मी आमच्या खोलीच्या दाराशी उभी होते. आत्या माझ्या मागे, चहाचा ट्रे घेऊन.

"बरं, ऱ्हाऊ द्या," शोभाबाई नाक पुसून म्हणाल्या. "तुमच्याच घरात पोरीसाठी पाणी ठिवत्यात, साऱ्या गल्लीला म्हाईत हाय. संपली म्हणताव, मग पाणी कुणाला?"

मामांनी मान वर केली. त्यांचा चेहरा मी विसरणार नाही. बुडणारा माणूस हाताला लागेल ते धरतो. त्यांच्या हाताला मी लागले.

"विचारा सुनेला. रोज ती ठेवते. दीड महिना झाला. एक थेंब कमी झालाय का, विचारा तिला. असतं कुणी, तर प्यालं नसतं का?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. बाप्तिस्म्यासाठी मी दहा आज्ञा पाठ केल्या होत्या, खोट्या साक्षीची आज्ञा कितवी तेही पास्टरांनी विचारलं होतं, आणि मी न अडखळता सांगितलं होतं. बोट पदरात गुंडाळलेलं होतं. ते ठणकत होतं.

खरं सांगितलं असतं तर काय झालं असतं? या म्हाताऱ्याला कळलं असतं की त्यानं एका रविवारी पोरीला जिथं पाठवलं, तिथंच ती अजून आहे. चार वर्षं. आत्ता, या क्षणी, दोन खोल्या पलीकडे, तहानलेली.

"न्हाई," मी म्हटलं. "पाणी होतं तेवढंच राहतंय. तिथं कुणी न्हाई."

माझ्या मागे ट्रेमधल्या कपबश्या वाजल्या. एकदाच.

पास्टर नरसिंग उठले. "पाण्यावरून सिद्धांत ठरत न्हाई मास्तर," ते म्हणाले, आणि मामांचं वाचन बंद केल्याचं सांगून गेले. म्हणजे ज्या कामासाठी साक्ष मागितली होती, तिथं ती लागलीच नाही. दुसरीकडे लागली.

८

मामा त्या दुपारी तीन तास झोपले. किरणकुमार म्हणाला, चार वर्षांत पहिल्यांदा. घोरण्याचा आवाज अंगणापर्यंत येत होता, आणि त्याला त्याचं इतकं बरं वाटलं की तो कोपऱ्यावरून जिलेबी घेऊन आला.

आत्यांनी जिलेबी खाल्ली नाही. त्यांनी पेला घासला, कोरडा पुसला आणि फळीवर पालथा घातला. दुसऱ्या दिवशी जेवणं झाल्यावर मी सवयीनं पेल्याला हात लावला.

"आता कशाला," आत्या म्हणाल्या. "तूच सांगितलीस की. कुणी न्हाई तितं."

त्या रडल्या नाहीत. चार वर्षं त्या मेलेल्या पोरीच्या आई होत्या. आता त्या कुणाच्याच नव्हत्या. भाकरी करताना हात मधेच थांबायचा आणि पीठ सुकून जायचं. मामा आता त्यांच्याशी थेट बोलायचे, प्रेमानं, आणि त्या "व्हय" म्हणायच्या.

"संपलं आता सगळं," मामा मला म्हणाले. "तिचं दुखणं संपलं. तू होतीस म्हणून." आणि त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला.

कोठीतून आवाज पहिल्या दिवशी आला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी तीनला मी तांदूळ निवडत होते, तेव्हा शहाबादी फरशीवरून काहीतरी सरकल्याचा आवाज आला. स्टीलचा नव्हता, पेला तर फळीवर होता. सरकून थांबलं. पुन्हा सरकलं. तिसऱ्या फरशीजवळ, पेला असायचा त्या जागी, ते चाचपडत असावं.

कुणालाच ऐकू आलं नाही. मामा घोरत होते. आत्या समोर बसून भिंतीकडे बघत होत्या.

दोन दिवस मी तांदूळ निवडत राहिले. दोन दिवसांत घरातले सगळे तांदूळ निवडून झाले. मग मी वाटीत पाणी घेतलं आणि गेले.

९

पहिल्या बोटाचं नख गेलं. मग दुसरं बोट. मी हातावर पदर घ्यायला शिकले, भांडी डाव्या हातानं घासायला शिकले. किरणकुमार म्हणाला, "गोदामात पाच वर्षं काम केलंस, एक ओरखडा नाही. आणि घरात रोज पोळतेस."

एका दुपारी मी कोठीतून बाहेर आले तर आत्या दारात उभ्या होत्या. मी वाटी मागे लपवली. त्यांनी वाटीकडे बघितलंच नाही. माझा हात धरला, पदर बाजूला केला आणि बोटं बघितली. एकेक.

"तव्याचं न्हाई हे."

मी हात मागे ओढायला गेले.

त्यांनी माझं तिसरं बोट, नुकतं भाजलेलं, आपल्या गालाला लावलं. मी कळवळले, पण त्यांनी सोडलं नाही. डोळे मिटले. इतक्या दिवसांत त्या चेहऱ्यावर मी पहिल्यांदा रंग बघितला.

"गरम हाय अजून," त्या म्हणाल्या.

मग माझ्या हातातली वाटी घेऊन त्या आत गेल्या. बराच वेळ आत होत्या. खाटेजवळ बसल्याचा आवाज आला, मग लेकीचं नाव घेतल्याचा, लहान मुलाला झोपेतून उठवताना घेतात तसं. बाहेर आल्या तेव्हा त्यांचा हात ओला होता, थेंब गळत होते, आणि बोटं गार होती. सगळी पाचही.

"माझ्या हातचं घेत न्हाई," त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. "म्या त्या रविवारी तिच्या शेजारी बसले हुते. उठले न्हाई. तिचा हात बी धरला न्हाई." माझ्या बोटांकडे बघून म्हणाल्या, "तू परकी हाईस. तुझ्या हातचं घेती."

मी म्हटलं, "आत्या, मी खोटं बोलले त्या दिवशी."

"म्हाईत झालं. त्यांना सांगू नगंस. झोपू दे त्यांना."

आता पेला फळीवरून खाली आलाय. मामांना दिसू नये म्हणून तो डाळीच्या डब्यात असतो. रोज जेवणं झाली, मामांचं घोरणं सुरू झालं, की आत्या कोठीच्या दाराशी पाट टाकून बसतात आणि मी आत जाते. बाहेर आले की त्या माझं बोट हातात घेतात, गालाला लावतात, आणि विचारतात, "कशी हाय?"

"तहान लागलीय," मी सांगते. दुसरं काही सांगण्यासारखं नसतं.

मग त्या कोरफड लावतात. इतक्या मायेनं माझ्या आईनंही कधी लावली नसेल. लुगड्याच्या चिंधीची पट्टी बांधतात, बाकीची बोटं बघतात, आणि उद्यासाठी एक निवडतात.

"उद्या ह्ये," म्हणतात.

किरणकुमारनं काल विचारलं, हे हात पोळणं किती दिवस चालणार. मी म्हटलं, सवय नाही अजून, होईल. पण तो झोपल्यावर मी त्याच्या प्रश्नाचा मामांच्या पद्धतीनं विचार केला. जळणारी वस्तू जळून संपते. मला बोटं दहा आहेत. म्हणजे कधीतरी हे थांबायला हवं.

आज सकाळी नळावर पट्टी भिजून सुटली, तेव्हा पहिलं बोट बघितलं. त्याला नवी कातडी आली आहे, कोवळी, गुलाबी, लहान मुलाच्या बोटासारखी. नखही फुटायलंय. आत्यांनी ते माझ्या आधी बघितलं होतं.